भिंगवालीचं शेवाळ

वनस्पती-संग्रहालयात तिला सगळे भिंगवाली म्हणत. वाळलेली रोपं कागदावर चिकटवायची, शेवाळाच्या पुड्या बांधायच्या, हे तिचं काम, शिक्षण दहावी. पण बावीस वर्षं गळ्यातलं भिंग डोळ्याला लावून तिने जेवढी शेवाळं पाहिली, तेवढी पदव्या मिरवणाऱ्यांनी चित्रातही पाहिली नसतील.

पाण्याच्या टाकीमागच्या भिंतीवरून तिने खरवडून आणलेली पुडी साहेबांनी टेबलावर ठेवली.

"तुमचं नवं शेवाळ जुनंच निघालं, बाई. जनुकं तंतोतंत जुळली. महिनाअखेरीला यादी जाते, जुन्या नावाखाली टाका."

"नाही टाकणार."

"म्हणजे?"

"जुन्याच्या पानाची मधली शीर टोकाआधीच थांबते. याची टोकाबाहेर केसासारखी निघते. पन्नास पानं बघितलीत मी."

"मग यंत्र खोटं बोलतंय?"

"यंत्राला जे घालाल, तेच ते बोलणार."

साहेब हसले. ते हसणं तिच्या डोक्यात गेलं. तरातरा जिना चढून ती प्रयोगशाळेत शिरली. जनुकं तपासणाऱ्या डॉक्टरीणबाई डबा उघडून बसल्या होत्या.

"बाई, माझ्या पुडीतलं किती घेतलंत?"

"चिमूटभर. नेहमीसारखं. का गं?"

"निवडून घेतलंत?"

"निवडायला ते काय तांदूळ आहेत?"

भिंगवालीने कपाळावर हात मारला. शेवाळाचा झुबका एकट्याचा कधी असतो? एकाच खोलीत दोन बिऱ्हाडं नांदावीत तशा दोन जाती एकमेकींत गुंतलेल्या असतात. चिमूट तशीच कुटली की जिची गर्दी जास्त, तिचंच नाव यंत्र घेतं.

"जेवा तुम्ही. मी बसते निवडत."

चार दिवस बसली. झुबका पाण्यात भिजवायचा, बारीक चिमट्याने एकेक काडी सोडवायची, सूक्ष्मदर्शकाखाली तिचं पान बघायचं. संशय आला की काडी बाजूला.

"मान मोडून घेशील," डबा द्यायला आलेला नवरा म्हणाला.

"मोडली तर तेल लावून दे. आत्ता बोलू नकोस."

अकरा काड्या खात्रीच्या निघाल्या. डॉक्टरीणबाईंनी प्रत्येक वेगळी तपासली आणि निकाल घेऊन स्वतः खाली आल्या.

"साहेब, चूक माझी. अकराच्या अकरा जुन्या जातीहून वेगळ्या आहेत. जात नवीच दिसते."

साहेबांनी यादीतल्या जुन्या नावावर काट मारली. "बरं. वर्णन मी लिहितो. शेवटी बाईंचे आभार मानू."

"आभार ठेवा तुमच्याकडे," भिंगवाली म्हणाली. "वर्णन मी लिहिणार, आणि शोधणाऱ्यांत माझं नाव लागणार."

साहेबांनी आधारासाठी डॉक्टरीणबाईंकडे पाहिलं.

"माझ्या आधी तिचं घाला," त्या म्हणाल्या.

साहेब खाकरले. "घालू."

भिंगवालीने खुर्ची ओढली, कागद घेतला. पानाची लांबी, रुंदी, कडेचे दाते भराभर लिहिले आणि थांबली. बीजाणूंची बोंडं पुडीत नव्हतीच. त्यांच्यावाचून वर्णन अर्धंच. तिने सुरी आणि चार कोरी पाकिटं पिशवीत टाकली.

"साहेब, शिडीच्या खोलीची चावी द्या. टाकीमागच्या भिंतीच्या वरच्या अंगाला बोंडं आलीत का बघून येते."