एका बाजूचे दोन खांब

सन दोन हजार अठरा. मला तेव्हा सत्तावन्न वर्षं पुरी झाली होती आणि निवृत्तीला वर्षभरही उरलं नव्हतं. नोकरीत खून पाहिले, दरोडे पाहिले, पण कोणी केस सांगा म्हटलं की माझ्या तोंडी आजही हीच येते. लोक हसतात. खांबाची चोरी ही काय केस झाली, म्हणतात. मी म्हणतो, आधी ऐकून तर घ्या.

माझं शिक्षण सातवी. शिपाई म्हणून भरती झालो आणि सहायक फौजदार होऊन बाहेर पडलो. मधल्या पायऱ्या कोणी उचलून चढवल्या नाहीत.

आमचं ठाणं बुलढाण्याजवळ. शहराच्या कडेला, घाट उतरायच्या आधी, एक मोठं पडीक रान होतं. तिथे रग्बीचा क्लब आला. रग्बी म्हणजे अंड्यासारख्या लांबट चेंडूचा खेळ. कुठल्याशा खाजगी कंपनीने देशभर स्पर्धा काढली होती, एकेका शहराचा संघ एकेका पैसेवाल्याने विकत घेतला. बुलढाण्याचा संघ घेतला मोताळा तालुक्यातल्या, कापसाचं जिनिंग चालवणाऱ्या एकाने. नाव सांगत नाही, शेठ म्हणतो. हवा थंड, रान मोकळं, आणि आपल्या जिल्ह्याचं नाव टीव्हीवर दिसेल ही हौस. पहिल्या वर्षी निळी बस आली, परदेशी कोच आला, मैदानाच्या दोन्ही टोकांना इंग्रजी एच अक्षरासारखे निळे उंच खांब उभे राहिले. दुसऱ्या वर्षी जाहिरातवाला निघून गेला, मग कोच गेला, मग बस विकली. पोरांचे पगार थकले. खांब तेवढे उभे होते.

पोळा चार-पाच दिवसांवर आला असताना क्लबचा मॅनेजर ठाण्यात आला. हा पुण्याकडचा, शर्टाची बटणं गळ्यापर्यंत लावलेला माणूस.

"खांब चोरीला गेले," तो म्हणाला.

"कोणते?"

"गोलपोस्ट. एका बाजूचे दोन्ही खांब. आणि कोणी नेले तेही मला माहीत आहे. आमच्या कप्तानाने."

त्याचं म्हणणं असं. पगारावरून मैदानात भांडण झालं तेव्हा कप्तान सगळ्यांसमोर म्हणाला होता, पैसे दिले नाही तर खांब उपटून नेईन. दुसरं, दुसऱ्या एका शहरातली पार्टी क्लब विकत घ्यायला तयार होती आणि पोळ्यानंतर सामान बघायला येणार होती. नवी पार्टी जुन्या पोरांना घेणार नव्हती. म्हणून रागाने नेले.

मी मालकाला फोन लावला. शेठ म्हणाला, "मॅनेजर म्हंते तं तसंच असंल, जमादार." एवढंच बोलून फोन ठेवला. हवालदार असो का सहायक फौजदार, जुने लोक आम्हाला जमादारच म्हणतात.

गुन्हा अज्ञात इसमाविरुद्ध दाखल झाला. संशयित म्हणून कप्तानाचं नाव आलं.

घटनास्थळ पाहायला गेलो. खांब जमिनीतल्या लोखंडी नळकांड्यात बसवलेले होते, बोल्ट पान्याने नीट सोडले होते. काळ्या चिखलात ट्रॅक्टरच्या चाकाचे माग होते, पण डांबरी रस्त्याला लागल्यावर माग संपले. दोन गोष्टी माझ्या डोक्यात अडकल्या. दुसऱ्या टोकाचे खांब जिथल्या तिथे उभे होते. आणि नेलेल्या खांबांमधली आडवी दांडी गवतात टाकून दिलेली होती.

भंगारचोर दांडी सोडत नाही. तो नळकांडीसुद्धा खणून नेईल. आणि रागाने नेणारा एका बाजूचे कशाला नेईल? मी सोबतच्या शिपायाला म्हटलं, "ह्याले दोनच उभे खांब पाह्यजे होते. कायले?" तो म्हणाला, "मंडप टाकाले, साहेब." आम्ही दोघं हसलो आणि विषय सोडून दिला.

कप्तानाला बोलावलं. लोणारकडचा पोरगा, वय चोवीस-पंचवीस, मानेचा आणि खांद्याचा फरक कळू नये असा. खुर्ची दिली तर तिच्या कडेवर बसला.

"तू म्हटलं होतं का बे, खांब उपटून नेईन म्हणून?"

"हाव. म्हटलं होतं."

"मग नेले काऊन नाही म्हंतं?"

"नेले नाही म्हणून नाही म्हंतो, साहेब. रागात तं मी मॅनेजरले उचलून फेकीन असंबी म्हटलं होतं. तो हाये ना जागेवर?"

"खांब गेले त्या संध्याकाळी कुठं होता?"

"घाटात धावून राह्यलो होतो."

"कोणी पाह्यलं?"

"माकडं होते. त्यायचा जबाब घेता का?"

असं उलट बोलणारा माणूस बहुतेक वेळा खरा असतो. चोर ठाण्यात नम्र होतो, हा माझा अनुभव. पण अनुभव कोर्टात चालत नाही. मग त्याने खरी अडचण सांगितली. खेळाडूंच्या राखीव जागेतून त्याची वनरक्षक म्हणून निवड झाली होती. फक्त चारित्र्य पडताळणी बाकी होती. ती पडताळणी पोलीसच करतात. अटक झाली की कागदावर गुन्हा लागणार, आणि कागदावर गुन्हा लागला की नोकरी गेली. पुढची भरती कधी निघेल, कोणालाच माहीत नव्हतं.

"माह्या बापानं मले म्हटलं होतं," तो म्हणाला, "अंड्याच्या चेंडूनं कोणाचं पोट भरत नाही. आता तुमी त्याचं खरं करून राह्यले."

मला त्या खेळाचंच कुतूहल वाटायला लागलं. विचारलं, "तुमचा चेंडू म्हणे पुढं फेकाचाच नाही?"

"नाही. पुढं माणूस जाते. चेंडू मागच्याच्याच हातात द्या लागते."

"मग तुमचे पैसे कुठून येतात?"

तो हसला. "ते कोणालेच मालूम नाही, साहेब."

मॅनेजरलाही मी तेच विचारलं. तिकीट विकलं जात नाही, टीव्हीचा पैसा वरची कंपनी घेते, जाहिरातवाला पळाला. मग क्लब चालतो कशावर? तो पेन फिरवत म्हणाला, "शेठच्या हौसेवर." मला हे नवीन होतं. आमच्याकडे हौसेने बैलजोडी घेतात, घर बांधतात. हौसेने तीस पोरांचे पगार अंगावर घेतलेला माणूस मी पहिल्यांदा पाहत होतो.

ठाणेदार साहेबांनी पोळ्यापर्यंत वेळ दिला. म्हणाले, "तोपर्यंत दुसरं काही निघालं नाही तर कप्तानाला अटक दाखवा." रोज सकाळी त्याने हजेरीला येऊन बाकावर बसायचं, असं ठरलं.

खामगाव, मलकापूर, बुलढाणा, सगळ्या भंगारवाल्यांकडे मी जाऊन आलो. मलकापूरला माझा एक जुना खबऱ्या भंगारवाला होता. त्याने चहा मागवला आणि सांगितलं, "लोहा नाही आला, साहेब. आला असता तं मीच फोन केला असता. पण बाजूच्या आरागिरणीत अजीब माल आला. सागवानाचे दोन खांब, लई जुने, लई उंच. कापता कापता वरून हळद-कुंकवाचे पापुद्रे निघाले. कारागीर घाबरला, म्हणे देवाचं लाकूड हाये. मालक म्हणाला, मोताळ्याकडच्या एका शेठनं सोता आणून दिलं, काप."

मी लोखंड शोधत होतो आणि हा मला लाकूड सांगत होता. ऐकून घेतलं. चहा पिऊन उठलो.

पोळ्याच्या दिवशी गावोगाव बंदोबस्त असतो. पहिली जोडी कोणाची, तोरण कोणाचं, यावरून डोकी फुटतात. माझ्या वाटणीला शेठचंच गाव आलं. दुपार कलल्यावर आखरावर, म्हणजे बैल जमतात त्या मोकळ्या जागेवर, जोड्या यायला लागल्या. झुली, बाशिंगं, रंगवलेली शिंगं. समोर तोरणाचे दोन खांब उभे, मध्ये आंब्याच्या पानांची दोरी. त्या गावात तोरणाचे खांब उभे करायचा मान शेठच्या घराचा. आज्याच्या वेळेपासूनचा.

एक म्हातारा पान लावत माझ्याजवळ उभा होता. वर बघून म्हणाला, "औंदा शेठनं तोरण बैलासाठी बांधलं का उंटासाठी?"

मीही वर पाहिलं. खांबांना पळसाची पानं गुंडाळली होती. त्याच्या वर गेरू फासला होता. शिडी पोचली तिथपर्यंत गेरू, आणि त्याच्याही वर आभाळाला टेकलेला निळा रंग.

दोनच उभे खांब. आडव्या दांडीची गरज नाही, तिथे दोरी बांधायची असते. आणि आज्याच्या वेळचे सागवानी खांब आरागिरणीत गेले होते. सगळं एका ठिकाणी येऊन बसलं.

मी खांबाजवळ गेलो नाही. तोरणाखाली बैल उभे असताना खांबाला हात लावणारा पोलीस त्या गावातून धड परतला नसता, आणि मीही शेतकऱ्याचाच मुलगा आहे. शेठच्या जोडीने तोरण तोडलं, हर हर महादेव झालं, बैल घरोघर गेले. मग मी शेठच्या ओट्यावर गेलो. त्याने ताट वाढायला सांगितलं. जेवलो आधी. सणाचं ताट परत करत नाहीत.

हात धुतल्यावर म्हटलं, "शेठ, खांब उंच झाले."

त्याने अडकित्ता घेऊन सुपारी कातरायला घेतली. साठीचा माणूस, पांढरं धोतर, बोटात अंगठ्या नव्हत्या, अंगठ्यांचे वळ होते.

"उद्या तान्हा पोळा झाला का नेऊन लावणार होतो, जमादार," तो म्हणाला. "सालगड्याले सांगून नेले. म्हटलं, कोणाच्या ध्यानात येईल? मॅनेजर गावाले गेला होता, तो लवकर आला अन् सीधा ठाण्यात गेला."

"तवाच सांगाचं होतं."

"काय सांगू? का तोरणाले नेले? मग लोक म्हणतील, सागवानी खांब कुठं गेले?"

"पोरानं नेले म्हणून तुमी हाव म्हटलं, शेठ."

"म्या हाव नाही म्हटलं. तसंच असंल म्हटलं."

"त्या तसंच असंलनं त्याची नोकरी चालली."

त्याने अडकित्ता खाली ठेवला. "बस विकली तवा मले काही वाटलं नाही. पोट्ट्यायचे पगार राह्यले, झोप लागत नव्हती, पण दिवस निघाला. हे तोरण दुसऱ्याच्या दारातून आलं असतं तं मी पोळ्यात उभा नसतो राह्यलो. तुमी समजून घ्या. केस दाबून टाका."

"दाबत नाही. तुमचा माल तुमी नेला, त्यात चोरी नाही. तेवढं ठाण्यात येऊन सांगा. सागवानाचं मी विचारत नाही."

"गावाले समजन."

"गावाले समजलेलंच हाये, शेठ. गाव तुमच्या तोंडावर बोलत नाही, इतकंच."

मी सांगितलं, उद्या सकाळी तुम्ही आला नाहीत तर पंच घेऊन मला इथे यावं लागेल. लाकडी बैल घेऊन पोरं आखरावर जमतात त्याच वेळी खांबांचा पंचनामा होईल. त्याने अडकित्ता उचलून परत सुपारी कातरायला घेतली. मी शेवटच्या गाडीने परतलो.

या केसने मला एक शिकवलं. माणूस बुडायला लागला की पोलीस शोधतो त्याने काय विकलं. ते लवकर सापडतं. त्याच्याऐवजी तो काय नसल्याचं दिसू देणार नाही, ते शोधावं. कोणाचं ते गाडीत असतं, कोणाचं मुलीच्या लग्नात, कोणाचं तोरणात. तिथे भला माणूससुद्धा दुसऱ्याच्या पोराचा बळी देऊन मोकळा होतो आणि स्वतःला वाईट समजत नाही. क्लब पुढे दुसऱ्या शहरात गेला. पोरांना थकलेल्या पगारातलं थोडंफार मिळालं, असं ऐकलं. खरं-खोटं माहीत नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी गणवेश घातला नाही. साध्या कपड्यात पहिल्या एस.टी.ने शेठच्या गावी गेलो. जीप नेली असती तर पोरांनी मागे धावून गाव गोळा केलं असतं. शेठ माझ्या आधी फाट्यावर येऊन उभा होता. आम्ही एका बाकावर बसून आलो. घाट चढेपर्यंत तो कापसाच्या भावाशिवाय काही बोलला नाही.

ठाण्यात कप्तान हजेरीसाठी बाकावर बसला होता. शेठ त्याच्यासमोर उभा राहिला.

"खांब म्या नेले, बाप्पा," तो म्हणाला. "तोरणाले."

पोरगा उठला. मला वाटलं आता काहीतरी वाईट बोलेल, आणि बोलला असता तर मी अडवलंही नसतं. त्याने शेठकडे खालपासून वरपर्यंत पाहिलं.

"जोडी कोणाची होती पहिली?"

"माहीच."

"मग ठीक हाये," तो म्हणाला आणि खिडकीकडे तोंड करून उभा राहिला.

मी शेठचा जबाब लिहून घेतला, दोघांना वाचून दाखवला, सही घेतली. तक्रार गैरसमजातून झाली, गुन्हा घडला नाही, असा क समरीचा अहवाल कोर्टासाठी तयार करून ठाणेदार साहेबांच्या टेबलावर ठेवला. बाहेर येऊन पोराला म्हटलं, "जाय बे घरी. उद्यापासून येऊ नको."