अक्कांची मांडी आणि माझी खुर्ची

मंडळी, आज माझ्या डिझाइनचा माज एका मांडीने उतरवला.

नवनगरच्या अक्का निवृत्त शिक्षिका. खाली बसलं की त्यांना उठवत नाही, म्हणून जेवायला खुर्ची हवी होती. मी सागवानाची, नाजूक वळणाच्या हातांची खुर्ची केली आणि सकाळी ऐटीत नेऊन ठेवली. अक्कांनी सवयीने पाय वर घेतले आणि दोन्ही गुडघे खुर्चीच्या हातांना अडकले.

"छान आहे गं. पाहुण्यांना होईल," म्हणाल्या.

मला झोंबलं. खुर्ची तशीच उचलून गोकुळ रोडच्या वर्कशॉपला आणली. आमचे सुतार बसूअण्णा हसले. "मॅडम, मीपण घरी खुर्चीवर मांडी घालूनच जेवतो. तुम्ही कधी विचारलंच नाही."

आम्ही दोन्ही हात काढून टाकले, नवी रुंद बैठक बसवली. संध्याकाळी अक्का मांडी घालून बसल्या, ताट पुढे ओढलं आणि म्हणाल्या, "आता ही माझी. पाहुण्यांना प्लॅस्टिकची देऊ."

यापुढे गिऱ्हाइकाला मांडी घालायला लावूनच माप घेणार. आणि तुम्ही खरं सांगा, हे वाचताना तुमचे पाय खाली आहेत की वर?