मिठागरावरची पोर

आमच्या कळव्याच्या घरात मीठ हा अभिमानाचा विषय. आईचे वडील मिठागरावर राबले. पुढे मिठागर गेलं, इमारती आल्या, आम्ही सातव्या मजल्यावर राहायला गेलो. मग एका वर्षी आई ताकात चमचाभर मीठ घालून प्यायला लागली, येताजाता बरणीत बोट घालून चाटायला लागली, तेव्हा कुणालाच त्यात वावगं वाटलं नाही. मी टोकलं की म्हणायची, "मिठागरावरची पोर हाय मी. मीठ नाय खानार तं काय साखर खानार?" सगळे हसायचे, मीसुद्धा.

पण त्याच वर्षात ती वाळत चालली होती. ब्लाऊज खांद्यावरून उतरायचे. उठताना भिंत धरायची. रंग काळवंडला. "वय झालं," बाबा म्हणायचे. नेहमीच्या डॉक्टरांनी टॉनिक लिहून दिलं. मला मात्र भीतीने झोप लागेना. आई डोळ्यांदेखत हातातून चालली होती आणि कशाने ते कुणालाच कळत नव्हतं.

नको तिथे नाक खुपसायची मला जन्मजात खोड. गौरींना मावशी आली, आईची सख्खी धाकटी बहीण. पहिल्याच घासाला ओरडली, "अगो, दर्या वतलास का काय आमटीत?" मी चमकले. दोघी एकाच मिठागरावर वाढलेल्या, मग मिठाची ही ओढ एकीलाच का? आणि महिनोन्‌महिने उन्हात न गेलेल्या बाईच्या तळहाताच्या रेषा काळ्या कशा?

हे दोन प्रश्न आणि आईला घेऊन मी ठाण्याला हार्मोनच्या डॉक्टरीणबाईंकडे गेले. मिठाचं ऐकताच त्यांनी पेन खाली ठेवलं. हिरड्या पाहिल्या, आडवं झोपवून ब्लडप्रेशर घेतलं, मग उभं करून. उभं राहताच ते धाडकन खाली आलं. "पूर्वी टीबी झाला होता?" झाला होता, माझ्या जन्माआधी. मग सकाळच्या रक्ताची तपासणी, स्कॅन.

किडन्यांच्या डोक्यावर टोपीसारख्या बसलेल्या दोन ग्रंथी त्या जुन्या टीबीने खाल्ल्या होत्या. अंगातलं मीठ धरून ठेवणं, आजारात तग धरायला बळ देणं हे त्यांचं काम. ते बंद पडलं, मीठ लघवीवाटे जाऊ लागलं आणि शरीर मीठ मागत सुटलं. रंगाचं कोडं त्याहून गमतीचं. मेंदूखालची पिट्युटरी या ग्रंथींना कामाला लागा म्हणून हाका मारत राहते आणि त्या हाकांच्या रसायनानेच कातडी काळी पडते. क्षणभर मी काळजीच विसरले. "म्हणजे हाक डोळ्यांना दिसते?"

डॉक्टरीणबाई हसल्या, मग गंभीर झाल्या. "वेळेत आणलंत. साध्या जुलाबांतही त्या गेल्या असत्या." गोळ्या जन्मभर घ्यायच्या, ताप आला तर त्यांच्या सांगण्याप्रमाणे वाढवायच्या, मनाने कधीच बंद करायच्या नाहीत.

गोळ्या सुरू होऊन थोडे दिवस झाले आणि आई माझ्याबरोबर बाजारात आली. मासेवालीने बोंबलांचा भाव सांगितला मात्र, आईने पदर खोचला. "बोंबील हायत का सोनं? कालचा शिला माल माझ्या गल्यात मारतंस?" माणसं थांबून बघायला लागली. दोघींची चांगलीच जुंपली. मला तिथेच, पिशवी हातात धरून, रडू कोसळलं. वर्षभर आई कुणाशीच भांडली नव्हती. आणि आम्ही सगळे कौतुकाने सांगत होतो, हल्ली ती किती शांत झाली आहे.