बांधावरचं फावडं

नेदरलँड्समध्ये, युट्रेख्टजवळच्या आमच्या घरामागे पाण्याचा चर आहे. काठ शेजाऱ्यांत वाटलेला. आपापल्या वाट्याचं गवत प्रत्येकानं काढायचं, मग ऑक्टोबरात पाहणीला माणसं येतात. पलीकडचे म्हातारे गृहस्थ सकाळच्या धुक्यात कमरेपासून वरच दिसत, जणू पाण्यावर तरंगतायत. मला ते ‘बूरमन’ म्हणत, म्हणजे डचमध्ये शेजारी. मीही त्यांना तेच म्हणे; नाव कधी विचारलंच नाही.

“बूरमन, तुमचा वाटा?” ते विचारत.

“या शनिवारी नक्की.”

“कुठल्या वर्षीच्या?” ते हसत.

एकदा सांगत होते, “राजे-सरदारांच्या काळात इथं सरदारालाही पूर अडवणारा आपल्या वाट्याचा बांध राखावा लागे. न जमल्यास बांधात फावडं रोवून निघून जायचं. जो उपटेल, जमीन त्याची आणि कामही त्याचं. आमचं सरकार असं चिखलात जन्मलं, बूरमन.”

गेल्या ऑक्टोबरात त्यांच्या काठावर फावडं रोवलेलं दिसलं. त्यांचे गुडघे गेलेत, हे मला ठाऊक होतं. अर्थ लगेच कळला. मी पडदा ओढून मीटिंगला बसलो. तीन दिवस पडदा उघडला नाही.

चौथ्या सकाळी पडदा सारला, तर फावडं जागेवर नव्हतं. कुणीतरी उपटलं, म्हणून मला हायसं वाटलं; हे कबूल करतो. मग धुक्यातून ते स्वतःच दिसले, काखेत काठी धरून, फावड्यानं सावकाश गवत ओढणारे. त्यांचा काठ अजून तसाच होता. ते माझ्या वाट्यात उभे होते.

त्यांनी हात हलवला. मीही हलवला, काचेआडून.