न केलेली सही

मी सगळ्यात जास्त ऋणी आहे तो टाकानिनी या उपनगरातल्या काकूंचा. आमच्या घरात पदवी घेणारा मी पहिला, पण त्या पदवीवर इथे परदेशात मला पहिली नोकरी दिली ती त्यांनी, आपल्या डेअरीत, म्हणजे कोपऱ्यावरच्या दुकानात, मॅनेजर म्हणून.

२०१६च्या सुमारास इमिग्रेशनने माझा पुढचा व्हिसा नाकारला. पत्रात कारण होतं, ही नोकरी खरी नाही, व्हिसापुरती दाखवलेली आहे. काकूंना ते फार लागलं. त्या तडक वकिलाकडे गेल्या. हायकोर्टात जाता येईल, पण अर्ज ज्याचा नाकारला त्याच्याच नावाने, असं त्याने सांगितलं.

"दुकान माझं, खोटी ठरले मी, आणि दावा म्हणे तू लावायचा," काकू म्हणाल्या. "सही तेवढी कर रे. बाकी मी बघते."

मला तोवर दूरच्या पोरिरुआ शहरात दुसरी नोकरी मिळत होती, तिच्यावर नव्याने व्हिसा मागता येणार होता. सरकारविरुद्ध कोर्टात नाव गेलं तर पुढे रेसिडेन्सी, म्हणजे कायम राहण्याची परवानगी, अडेल, अशी भीती वाटली.

"बाबा नको म्हणतात, काकू."

"मग राहू दे. वडिलांचं ऐकावं."

बाबांना मी विचारलंच नव्हतं. दाव्याची मुदत तशीच संपली.

रेसिडेन्सी मिळाल्यावर मी त्यांना लिहिलं:

"काकू, बाबा काही म्हणाले नव्हते. मीच घाबरलो. दोन वर्षं माल मी मागवला, दुकान मी उघडलं. ती नोकरी खरी होती. हे कोर्टात मी सांगायला हवं होतं. हे पत्र कुणालाही दाखवा."