पडद्यावरचा खुनी आणि गजभिये बाईंचा राग

डॉ. कुंदा गजभिये यांच्या पंच्याहत्तरीनिमित्त हा ग्रंथ निघतो आहे. समितीच्या पहिल्या बैठकीत एका सदस्यांनी मोठ्या उत्साहाने सुचवले, की सत्काराच्या संध्याकाळी दुभंगलेल्या व्यक्तिमत्त्वावरचा एखादा गाजलेला जुना चित्रपट दाखवावा. "बाईंचा विषयच आहे तो," असे ते म्हणाले. मी ती सूचना मागे घ्यायला लावली. पण यात बिघडले काय, हे तिथल्या कोणालाच कळले नाही. म्हणून हा लेख मी थोडा रागाने लिहिते आहे. गौरवलेखात राग शोभत नाही, हे मला ठाऊक आहे. परंतु बाईंच्या आयुष्यातून राग वगळला तर उरतील त्या गजभिये बाई नव्हेत.

त्यांची माझी पहिली भेटही अशाच एका चित्रपटामुळे झाली. राज्य नवे होते, रायपूर नुकतीच राजधानी झाली होती, आणि यजमानांची मंत्रालयात नेमणूक झाल्यामुळे मी वर्ध्याहून इथे आले होते. शंकर नगरात काही हौशी मंडळींनी जुने अभिजात चित्रपट दाखवण्याचे एक मंडळ काढले होते. त्या दिवशीच्या चित्रपटात एक लाजाळू शिक्षिका होती. दिवसा ती डोक्यावरून पदर घेऊन मुलांना शिकवायची. आरशात पाहिले, की तिच्यातली दुसरी जागी व्हायची. केस मोकळे, ओठ लाल आणि हातात सुरी. शेवटी एका डॉक्टरांनी तिला डोळे मिटायला सांगितले, तिला सगळे आठवले आणि ती बरी झाली. सभागृहात जोरात टाळ्या पडल्या. मंडळाचे अध्यक्ष, नागपूरकडचे एक निवृत्त अधिकारी, व्यासपीठावर जाऊन म्हणाले, "आपल्या प्रत्येकाच्या आत एक खुनी झोपलेला असतो."

मागच्या रांगेतून एक ठेंगण्या, सुती साडीतल्या बाई उठल्या. "टाळ्या काहून वाजवून राहिले तुम्ही?"

लोक मागे वळून पाहू लागले. "मी डॉक्टर हाय. या आजाराची एक पोरगी माझ्याकडे येते. तिनं आजवर मुंगी मारली नाही. मारलं तं स्वतःलेच मारलं. हातावर वळ हायेत तिच्या. ते काहून नाही दाखवत?"

अध्यक्ष हसून म्हणाले, "डॉक्टरबाई, ही कला आहे. एवढं मनावर घेऊ नका."

"कला हाय तं मंग आजाराचं नाव काहून घेता? भूत म्हणा. भुताचे नातेवाईक माझ्या दवाखान्यात रडत येत नाहीत."

कोणीतरी त्यांना खाली बसायला सांगितले. त्या बसल्या नाहीत, निघून गेल्या. मी त्यांच्या मागे धावले आणि फाटकाशी त्यांना गाठून सांगितले, की माझेही शिक्षण मानसशास्त्रात झाले आहे. त्यांनी मला वरपासून खालपर्यंत पाहिले. "मंग घरी काहून बसली? उद्या माझ्या दवाखान्यात, गुढ़ियारीत ये." दुसऱ्या दिवशी मी गेले, ती आजतागायत जाते आहे.

बाईंचे वडील रेल्वेत गार्ड होते. भंडाऱ्याकडचे हे बौद्ध कुटुंब नोकरीमुळे रायपुरात आले आणि इथलेच झाले. रेल्वेच्या वसाहतीत मैदानावर कापडी पडदा लावून सिनेमे दाखवत, ते सगळे बाईंनी वडिलांच्या मांडीवर बसून पाहिले. वैद्यकीय शिक्षण नागपुरात झाले. पुढे मनोविकारतज्ज्ञ होऊन त्या परतल्या आणि गुढ़ियारीत मालधक्क्याजवळ दोन खोल्यांचा दवाखाना थाटला. शंकर नगरात का नाही, असे विचारले तर म्हणत, "तिथले लोक गाडी करून इथं येतीन. इथले तिथं येनार नाहीत." आजही जुनी गाणी लागली, की त्या औषधाची चिठ्ठी लिहितालिहिता गुणगुणतात. सिनेमावर त्यांचे अतोनात प्रेम आहे. जे आपले वाटते त्याने खोटे बोलावे, याचा त्यांना संताप येतो.

परिचारिकांना आणि विद्यार्थ्यांना त्या हा विषय शिकवत, तेव्हा पहिला तास सिनेमाचाच असे. पडद्यावर हा आजार आरशासमोर होतो, विजा कडाडल्या की होतो, आणि नेहमी दोनच माणसे असतात, एक देव आणि एक राक्षस. बायकांच्या बाबतीत तर एक पदरवाली आणि एक सिगारेटवाली. मग एक देखणा डॉक्टर येतो आणि एका बैठकीत सगळे जोडून देतो. खरा आजार विरळा आहे, पुस्तकांतून आता त्याचे नावही बदलले आहे, आणि तज्ज्ञांमध्येही त्यावर वाद आहेत, हे त्या प्रामाणिकपणे सांगत. एका जुन्या चित्रपटाचे त्या कौतुकही करत, कारण त्यातला डॉक्टर फारसे बोलत नाही, ऐकतो. आणि शेवटी त्या विद्यार्थ्यांना विचारत, "लहान लेकराचं मन असं तुटते, ते कोनामुळं? घरातल्याच कोन्या मानसामुळं. त्या मानसाले एकाही सिनेमात मोठं काम भेटते का?"

सरिताची हकीकत मी तिच्या परवानगीने आणि नाव बदलून सांगते आहे. बाईंनी सभागृहात जिचा उल्लेख केला, तीच ही. गुढ़ियारीत राहणारी, हमालाची मुलगी, एका छोट्या खासगी शाळेत बालवर्गाची मदतनीस. तिचे दिवसातले काही तास हरवत. त्या वेळात कधी ती पाच वर्षांच्या मुलीसारखी बोले, पलंगाखाली लपे, आणि नंतर तिला काहीच आठवत नसे. वडील गेल्यापासून घर तिच्या काकांच्या हातात होते. तिच्या लहानपणी त्या काकांनी काय केले, हे पलंगाखालच्या त्या छोट्या आवाजाने बाईंना हळूहळू सांगितले होते. मोठ्या सरिताला ते ठाऊकच नव्हते.

एके दिवशी शाळेच्या स्वयंपाकखोलीला आग लागली. कोणाला इजा झाली नाही, पण खोली जळाली. मुख्याध्यापिकेला सरिताच्या आजाराची कुणकुण होती. तिने थेट सरिताचे नाव घेतले. बातमी कळताच आम्ही ठाण्यात पोचलो. सरिता बाकावर बसली होती. शेजारी काका, हात जोडून, पोलिसांना सांगत होते, "साहब, ये बचपन से ऐसी है."

बाईंनी त्या माणसाकडे पाहिले. मी त्यांचा हात धरून ठेवला. रुग्णाने विश्वासाने सांगितलेले त्या तिथे उघड करू शकत नव्हत्या.

ठाणेदार सौजन्याने बोलत होते. "डॉक्टर साहब, हमने भी पिक्चर देखी है. एक वाली सीधी होती है, दूसरी वाली करती है. इसको याद ही नहीं, तो मना कैसे करेगी?"

सगळ्यांत वाईट म्हणजे सरितालाही ते पटले होते. तिनेही तेच सिनेमे पाहिले होते. "दीदी," ती बाईंना म्हणाली, "मेरे ही हाथ से हुआ होगा. लिख के दे देती हूँ."

"तू काहीच लिहून देनार नाहीस," बाई मराठीतच गरजल्या. सरिताला शब्द कळले नसतील, सूर कळला. तिने कागदाकडे नेलेला हात मागे घेतला. मग बाई ठाणेदारांकडे वळल्या. "आग लगी तब ये कहाँ थी? किसी ने पूछा?"

कोणीही विचारले नव्हते. इतकी साधी गोष्ट! आगीची जागा पाहायलाही कोणी गेले नव्हते. सिनेमाने उत्तर आधीच देऊन ठेवले होते, मग प्रश्न कोण विचारणार?

सरिताला पोलिसांनी सोडेपर्यंत बाई ठाण्यातून हलल्या नाहीत. नंतर तिला त्यांनी काकांच्या घरी जाऊ दिले नाही, स्वतःच्या घरी नेले. दुसऱ्या दिवसापासून आम्ही पाऱ्यातली, म्हणजे शाळेजवळच्या वस्तीतली, घरे फिरलो. बालवर्गातली मुले आयांच्या पदराआडून सांगू लागली, की दीदी आमच्याजवळ होती, ओसरीवर आमचे हात धुऊन देत होती, धूर दिसल्यावर तिनेच आम्हाला रस्त्यावर नेले. तीन आया मुलांना घेऊन ठाण्यात आल्या. शाळेची स्वयंपाकीणही बोलली. गॅसची नळी चिरली आहे, हे तिने मुख्याध्यापिकेला आधीच सांगितले होते. प्रकरण तिथे मिटले.

परंतु शाळेने सरिताला परत घेतले नाही. "बच्चों के माँ-बाप डरते हैं, मैडम," मुख्याध्यापिका म्हणाली. बाईंनी तिला सांगितले, "जिन बच्चों को आपकी नली जला देती, उनको इस लड़की ने बाहर निकाला. माँ-बाप को पता चले तो वे किससे डरेंगे?" क्षमा कोणी मागितली नाही.

पुढची काही वर्षे सरिता बाईंच्या मागच्या खोलीत राहिली. उपचार चालू होते, आणि त्यात पडद्यावरच्यासारखे काहीही नव्हते. आठवड्यामागून आठवडे दोन खुर्च्या, एक पंखा आणि बहुतेक वेळ शांतता. एक दिवस ते जुने सत्य सरिताने स्वतःच्याच आवाजात, मोठेपणीच्या आवाजात उच्चारले. तक्रार करायची की नाही, हे बाईंनी तिच्यावर सोपवले. तिने आधी आईला सांगितले. आई म्हणाली, आता कशाला. भावांनी दार लावून घेतले. तक्रार झालीच नाही. तो माणूस आजही त्याच गल्लीत राहतो, सणावाराला लोक त्याच्या पाया पडतात. हे लिहिताना माझी लेखणी कागद फाडते आहे, आणि ती आवरण्याची मला इच्छा नाही.

सरिताने मात्र बाईंच्या ओसरीवर बालवाडी काढली. पहिल्या महिन्यात एकच मूल आले, ठाण्यात आलेल्या त्या आयांपैकी एकीचे. आज तिची स्वतःची जागा आहे आणि हाताखाली दोघीजणी आहेत. अजूनही कधीकधी तिचा एखादा तास हरवतो. अशा वेळी ती खाली बसते, एक जण मुलांकडे पाहते, दुसरी तिच्याजवळ बसते. एवढेच करावे लागते.

बाईंच्या मायेचा अनुभव मी स्वतः घेतला आहे. माझी आई वारली तेव्हा त्या पॅसेंजरने वर्ध्याला आल्या. स्वयंपाकघरात जाऊन भेटायला आलेल्यांचे चहाचे कप विसळत राहिल्या. मी दारात उभी राहून रडत होते, तर म्हणाल्या, "रड, पन बसून रड. पाय दुखतीन." त्या वाक्याने मला जेवढा आधार दिला तेवढा कोणत्याही पत्राने दिला नाही.

बाईंनी त्या मंडळाला, वाहिन्यांना, दोन निर्मात्यांना वर्षानुवर्षे सांगून पाहिले. ऐकले फार थोड्यांनी. आता सिनेमागृहात जावेही लागत नाही, ते सगळे खिशातल्या फोनवर येते. गेल्या महिन्यात धमतरीकडचा एक शेतमजूर आपल्या मुलीला घेऊन आला. मुलगी खाली मान घालून बसली होती. बापाने फोनवरचा तसलाच एक सिनेमा पुढे केला आणि हीही अशीच कोणाला मारून टाकेल का, हे आपल्या बोलीत भीतभीत विचारले, "दीदी, येहू अइसने मार डारही का?"

बाईंचे गुडघे आता साथ देत नाहीत, दुपारनंतर आवाज बसतो. पण त्यांनी तो फोन उलटा करून टेबलावर ठेवला. खुर्ची ओढून मुलीच्या समोर बसल्या. "बेटी," त्या तिच्याच बोलीत म्हणाल्या, "मोला तोर नाव बता."

त्यांना शांत, निवांत आयुष्य लाभो असे लिहिण्याची रीत आहे. ते मी लिहिणार नाही, कारण ते त्यांना नको आहे. गजभिये बाईंना गुडघ्यांत बळ, आवाजात धार आणि आणखी पुष्कळ वर्षे लाभोत. आणि त्यांच्या रागाला, आम्हा सगळ्यांच्या हयातीतच, करण्याजोगे काम उरू नये.