डाव्या गालातल्या शिरा

"मागं जा. बाईंना दिवस गेलेत. तुझं तोंड समोर नको."

शेठ गिऱ्हाइकांदेखत म्हणाले. जळगावच्या त्यांच्या साडीच्या दुकानात मी सहा वर्षं काउंटरला होते. समोर सावद्याच्या केळी व्यापाऱ्याची सून. तिच्या सासूने तिचे डोळे हाताने झाकलेले. मी हातातली साडी टाकली, मागच्या गोडाऊनमध्ये गेले. खोक्यावर बसले. रडले नाही. गाल ठणकत होता.

डाव्या गालावर जन्मापासून निळी-जांभळी सूज. मी वाढले तशी वाढली. वाकलं की फुगते. दाबलं की बसते. शाळेत बाकावर शेजारी कुणी बसलं नाही. दहा वर्षं. आई धुळ्याकडची. ती एकच सांगायची, "गरहनमा मी भाजी चिरी. बठ्ठा मनाच दोष शे." मी पोटात असताना ग्रहणात चिरलेल्या त्या भाजीपायी तिने जन्मभर उपास केले. एका भगताने तापल्या सळईने गालाला डाग दिला. रक्त थांबेना. तेव्हा मी नऊ वर्षांची.

त्या आठवड्यात गालात खडे झाल्यासारखं लागायला लागलं. घास चावता येईना. आईला घेऊन धुळ्याच्या सरकारी दवाखान्यात गेले. डॉक्टरबाईंनी आईचं ग्रहणाचं ऐकून घेतलं, सोनोग्राफी केली.

"हा शाप नाही. कुणाला लागतही नाही. पोटात असतानाच या शिरा चुकीच्या घडल्या. आत रक्त साचतं, गोठतं, म्हणून दुखतं. ग्रहणाचा काही संबंध नाही."

सुईने आत औषध सोडायचं, शिरा आक्रसतात. एकदा नाही, बऱ्याचदा. पूर्ण जाईल असं सांगत नाही, म्हणाल्या.

आई खालीच बसली. "मंग मी इतला उपास कसाले करात?"

मला जन्मात पहिल्यांदा राग आला. खरा राग.

पहिली सुई झाली. तोंड दुप्पट सुजलं. सूज उतरल्यावर दुकानात गेले.

शेठ म्हणाले, "अजून आहेच की! पूर्ण बरी झालीस की काउंटरला ये. तोवर गोडाऊन बघ."

"शेठ, औषध माझ्या दुखण्यावर घेतेय. तुमच्या गिऱ्हाइकांच्या नजरेवर नाही. गोडाऊनमध्ये मी बसणार नाही."

"मग घरी बैस."

नोकरी गेली. पिंप्राळ्यातल्या दोन दुकानांनी माझ्याकडे न बघताच 'जागा नाही' सांगितलं. सुया अजून बाकी आहेत. हा गाल त्या गालासारखा कधीच होणार नाही. ठाऊक आहे. उद्या तिसऱ्या दुकानात जाणार आहे. नाही म्हणायचं तर म्हणा. पण माझ्या तोंडाकडे बघून म्हणा. तोवर मी हलणार नाही.